दोन संगणकांचे आकडे शेजारी कधी मांडावेत

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. कर्वेनगरला राहणारे आणि अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेले तीन मित्र एक संकेतस्थळ उभारणार आहेत. त्यावर कोणीही आपला संगणक आणि आपण खेळत असलेला गेम निवडावा आणि तशाच किंवा वेगळ्या संगणकांवर इतरांना किती एफपीएस (सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या चित्रांची, म्हणजे फ्रेम्सची संख्या) मिळतात ते पाहावे, अशी कल्पना आहे. डेटाबेस कोणता घ्यावा, आलेख कशात काढावेत आणि सुरुवातीचे आकडे कुठून आणावेत, असे त्यांनी विचारले आहे. मी गेली सोळा वर्षे पुण्यात सॉफ्टवेअरची कामगिरी मोजण्याचेच काम करतो आणि त्यातली बरीच वर्षे ग्राफिक्समध्ये गेली आहेत. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे फारशी लांबणार नाहीत. तिसऱ्याच्या पोटात मात्र एक चौथा प्रश्न दडलेला आहे आणि सगळी आखणी त्याच्यावरच उभी राहते. दोन संगणकांवर मिळालेले दोन आकडे शेजारी मांडण्याचा अधिकार आपल्याला केव्हा पोहोचतो, हा तो प्रश्न.

त्याचे उत्तर न शोधता मी स्वतः एकदा तोंडघशी पडलो आहे. बाणेरच्या एका छोट्या कंपनीला गेमच्या चाचणीसाठी बारा लॅपटॉप घ्यायचे होते. मी एक नमुना मागवून त्यावर दोन दिवस मोजमाप केले, तक्ता करून दिला आणि त्यावर विसंबून खरेदी झाली. आलेल्या लॅपटॉपचे मॉडेल तेच, प्रोसेसर तोच, रॅमही तेवढीच १६ जीबी. तरीही नमुन्यावर जे गेम सुखाने चालत होते ते इथे अडखळू लागले आणि फ्रेम्स जवळजवळ एक तृतीयांशाने घटल्या. खालचे झाकण उघडल्यावर उलगडा झाला. नमुन्यात आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या होत्या आणि या बारांमध्ये १६ जीबीची एकच. डीडीआर४-३२०० रॅमच्या एका चॅनेलवरून, म्हणजे एका पट्टीच्या वाटेने, सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी माहिती ये-जा करू शकते, दोन चॅनेल असतील तर ५१.२ जीबी, आणि प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर चालणाऱ्या लॅपटॉपला वेगळी ग्राफिक्स मेमरी नसल्याने त्याचा सगळा संसार याच वाटेवर चालतो. माझ्या तक्त्यातील ‘रॅम’ या रकान्यात ‘१६ जीबी’ असे लिहिले होते आणि ते दोन्ही लॅपटॉपसाठी तंतोतंत खरे होते. चूक रकान्यातल्या आकड्याची नव्हती, रकाने ठरवणाऱ्याची होती.

म्हणून माझा पहिला आग्रह असा, की पाने, रंग आणि आलेख यांच्याआधी ‘एक नोंद’ म्हणजे नेमके काय ते कागदावर लिहून काढावे. नोंद म्हणजे ‘अमुक ग्राफिक्स कार्डावर अमुक गेम ७२ एफपीएस’ नव्हे. अमुक यंत्रावर, त्या यंत्राच्या अमुक स्थितीत, गेमच्या अमुक बिल्डवर (नेमक्या आवृत्तीवर), अमुक सेटिंग्जवर, गेममधल्या अमुक प्रसंगात, एवढा वेळ मोजलेल्या प्रत्येक फ्रेमची वेळ म्हणजे एक नोंद. यातला एखादा भाग मिळाला नाही तरी नोंद ठेवता येते, पण तो भाग मिळालेला नाही हेही तिच्यात लिहिलेले हवे. रिकामा रकाना आणि ‘नेहमीसारखे असेल’ असे गृहीत धरून भरलेला रकाना यांतला फरक पुढे तुम्हाला पावलोपावली लागणार आहे.

आता मोजायचे काय ते पाहू. एफपीएस हा आकडा बोलायला सोयीचा आहे, पण तो साठवण्याच्या लायकीचा नाही. साठवायची ती प्रत्येक फ्रेमला लागलेली वेळ, मिलिसेकंदांत. ६० एफपीएस म्हणजे फ्रेममागे १६.६७ मिलिसेकंद आणि १४४ एफपीएस म्हणजे ६.९४ मिलिसेकंद. २०११ साली ‘टेक रिपोर्ट’ या संकेतस्थळाच्या स्कॉट वॉसन यांनी सेकंदाच्या सरासरीऐवजी सेकंदाच्या आतल्या एकेका फ्रेमकडे पाहण्याचा आग्रह धरला आणि तेव्हापासून गंभीरपणे मोजणाऱ्यांची पद्धत बदलली. सरासरीतही एक खोच आहे. दहा सेकंदांपैकी पहिली पाच सेकंदे १२० एफपीएस आणि पुढची पाच ४० एफपीएस मिळाले, तर एकूण फ्रेम्स ६०० अधिक २०० म्हणजे ८००, आणि खरी सरासरी ८०. पण प्रत्येक फ्रेमचा ‘तात्कालिक एफपीएस’ (१००० भागिले तिची मिलिसेकंदांतली वेळ) काढून त्या ८०० आकड्यांची सरासरी केली, तर उत्तर १०० येते. एकच फाइल, दोन उत्तरे, आणि फरक २० एफपीएसचा! नवशिका प्रोग्रामर हमखास दुसरा मार्ग धरतो, कारण तो एका ओळीत लिहिता येतो.

‘१ टक्का लो’, म्हणजे सर्वांत संथ १ टक्का फ्रेम्सचा वेग, या आकड्याची कथा याहून गुंतागुंतीची आहे, कारण त्या नावाखाली निदान दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या जातात. समजा, ६० सेकंदांत ६,००० फ्रेम्स झाल्या. त्यांतल्या सर्वांत संथ १ टक्का म्हणजे ६० फ्रेम्स. या ६० पैकी ५० फ्रेम्सना १६ मिलिसेकंद लागले आणि १० फ्रेम्सना १०० मिलिसेकंद, म्हणजे खेळणाऱ्याला दहा वेळा ठसठशीत झटका जाणवला. काही साधने या ६० फ्रेम्सच्या उंबरठ्यावरची वेळ घेतात. ती १६ मिलिसेकंद, म्हणून उत्तर सुमारे ६२ एफपीएस. काही साधने ६० फ्रेम्सची सरासरी वेळ घेतात. ती ३० मिलिसेकंद, म्हणून उत्तर सुमारे ३३ एफपीएस. दोन्ही पद्धती आपापल्या जागी रास्त आहेत, पण एकाने पहिल्या पद्धतीचा आकडा भरला आणि दुसऱ्याने दुसऱ्या पद्धतीचा, तर तुमचे संकेतस्थळ एकाच लॅपटॉपला स्वतःच्या जवळजवळ दुप्पट वेगवान ठरवील. यावर उपाय एकच आहे. लोकांकडून तयार आकडे घेऊ नयेत. कच्ची फाइल घ्यावी, सगळे आकडे आपणच एका पद्धतीने काढावेत आणि ती पद्धत पानावर उघड लिहावी.

कच्ची फाइल मिळवण्यासाठी स्वतःचे साधन लिहिण्याच्या भरीस पडू नका. विंडोजवर इंटेलचे प्रेझेंटमॉन हे मुक्त स्रोत साधन आहे. ते गेमच्या आत काहीही घुसवत नाही, विंडोजच्याच घटना-नोंदींवरून फ्रेमची वेळ वाचते, त्यामुळे फसवणूकविरोधी प्रणाली असलेल्या गेममध्ये ते वापरणे तुलनेने निर्धोक असते. कॅपफ्रेमएक्स त्याच्याच पायावर उभे आहे आणि ज्याला कमांड लाइनची भीती वाटते त्याच्यासाठी ते सोयीचे आहे. लिनक्सवर मँगोहड हे साधन सीएसव्ही (स्वल्पविरामांनी विभागलेल्या आकड्यांची) फाइल लिहून देते. या तिन्हींच्या फाइली वाचणारे तीन छोटे प्रोग्राम लिहिले की तुमचे निम्मे काम झाले. प्रेझेंटमॉनच्या पहिल्या आणि दुसऱ्या पिढीत स्तंभांची नावे बदललेली आहेत, म्हणून स्तंभ क्रमांकावरून वाचू नका, शीर्षकावरून वाचा, आणि ओळखीचे शीर्षक सापडले नाही तर अंदाज न बांधता फाइल सरळ नाकारा.

यंत्राची ओळख हा सर्वांत निसरडा भाग आहे. बाजारात नावे विकली जातात आणि नावे फसवी असतात. २०१६ सालच्या जीटीएक्स १०६० या कार्डाच्या ६ जीबी आणि ३ जीबी अशा दोन आवृत्त्या होत्या. वाचणाऱ्याला वाटे की फरक फक्त मेमरीचा आहे, प्रत्यक्षात ३ जीबीच्या कार्डात गणनेचे गाभेही (कोअर) १२८० ऐवजी ११५२ होते. जीटी १०३० चे उदाहरण तर कहर आहे. त्याच नावाचे डीडीआर४ मेमरीचे कार्ड मागाहून आले आणि मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबीवरून १६.८ जीबीवर आला. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून किंवा ओळखीच्या ओळखीतून जुने कार्ड घेणाऱ्या मुलाला खोक्यावर दोन्ही वेळा ‘१०३०’ हाच मोठा आकडा दिसतो. लॅपटॉपमध्ये हा घोळ आणखी वाढतो, कारण तिथे चिप तीच असली तरी तिला किती वीज मिळणार हे लॅपटॉप बनवणारा ठरवतो. आरटीएक्स ४०६० च्या लॅपटॉप आवृत्तीसाठी ती चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने दिलेला पल्ला ३५ ते ११५ वॉट एवढा रुंद आहे. पातळ अंगाच्या लॅपटॉपमधली ४०६० आणि जाडजूड लॅपटॉपमधली ४०६० यांना एकाच रकान्यात टाकणे म्हणजे एकाच आडनावाच्या दोन माणसांच्या पगाराची सरासरी काढून ती त्या घराण्याची म्हणून सांगण्यासारखे आहे.

त्यामुळे कार्डाची ओळख नावाच्या मजकुरावरून न करता पीसीआय क्रमांकावरून करावी. प्रत्येक उत्पादकाला आणि प्रत्येक उपकरणाला ठरलेला क्रमांक असतो; इंटेलचा उत्पादक क्रमांक ८०८६ आहे, आणि तो त्यांच्या १९७८ च्या प्रोसेसरची आठवण म्हणून घेतला असावा हे उघडच आहे. वर सांगितलेल्या १०६० च्या दोन आवृत्त्यांचे उपकरण क्रमांक निरनिराळे आहेत, म्हणून तिथला गुंता आपोआप सुटतो. पण क्रमांकाने सगळेच सुटेल या भ्रमात राहू नका. मेमरीचा प्रकार, लॅपटॉप असल्यास कमाल ग्राफिक्स पॉवर, रॅमच्या पट्ट्यांची संख्या आणि त्यांचा प्रत्यक्ष चालू वेग या गोष्टी स्वतंत्रपणे नोंदवाव्याच लागतील. विंडोजला ग्राफिक्स मेमरी विचारण्याचा जो जुना आणि सोपा मार्ग आहे, त्यातला रकाना ३२ बिटांचा असल्याने तो ४ जीबीच्या पुढे जातच नाही. ८ किंवा १२ जीबीचे कार्डही तो ४ जीबीचे सांगतो. हे ठाऊक नसेल तर महिन्याभरात तुमच्या डेटाबेसमध्ये ‘४ जीबी’ कार्डांचे पीक आलेले दिसेल.

यंत्राची स्थिती ही यंत्राच्या ओळखीपेक्षा वेगळी गोष्ट आहे. लॅपटॉप चार्जरवर होता की बॅटरीवर, पॉवर मोड कोणता होता, चित्र थेट ग्राफिक्स कार्डातून पडद्यावर जात होते की प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समधून वळसा घेऊन, हे सगळे एकाच लॅपटॉपवर एका दिवसात बदलू शकते. मी एका अंतर्गत प्रकल्पासाठी सहकाऱ्यांच्या घरच्या लॅपटॉपवरून मोजमापे गोळा करत असे. दर आठवड्याला काही नोंदी विनाकारण कोसळलेल्या दिसत आणि त्या सगळ्या गुरुवारच्या असत. कारण कळायला मला तीन आठवडे लागले, आणि पुणेकर म्हणून त्याची लाज वाटायला हवी: पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली की मंडळी बॅटरीवर खेळत होती. फॉर्ममध्ये हा प्रश्न माणसाला विचारू नका. माणूस आठवणीने उत्तर देतो आणि आठवण चुकते. साधनाकडूनच ती माहिती घ्या.

उष्णतेचाही विचार करा. प्रोसेसरला सुरुवातीचा थोडा वेळ नेहमीच्या मर्यादेपेक्षा जास्त वीज ओढण्याची मुभा असते, म्हणून थंड लॅपटॉपवर पहिल्या मिनिटात मोजलेला आकडा हा पाहुण्यांसमोर मांडलेल्या दिवाणखान्यासारखा असतो. दहा मिनिटे खेळल्यावर जे मिळते ते रोजचे घर. मोजणी किमान दहा मिनिटे खेळ झाल्यावर सुरू करावी आणि तसे झाले की नाही याची खूण नोंदीत ठेवावी. त्यातून पुण्यात डिसेंबरमधल्या पहाटेची खोली आणि एप्रिल-मे महिन्यातली, पत्र्याखालची दुपारची खोली यांत वीस-पंचवीस अंशांचा फरक सहज पडतो. पंख्याचा वेग आणि भार तेच राहिले तर खोली जेवढी तापते साधारण तेवढीच चिपही तापते. खोलीचे तापमान कोणी मोजून देणार नाही, पण नोंदीची तारीख आणि वेळ तुमच्याकडे असेलच, आणि चिपचे तापमान साधन देईल. एवढ्यावर पुष्कळ भागते.

गेमच्या बाजूने पाहता पहिली अडचण आवृत्तीची आहे. एखाद्या गेमचे नाव किंवा स्टीम या गेम विकणाऱ्या मंचावरचा त्याचा क्रमांक पुरेसा आहे असे मानू नका. याचे सर्वांत बोलके उदाहरण काउंटर-स्ट्राइकचे आहे: सप्टेंबर २०२३ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक २’ आला तो जुन्या ‘ग्लोबल ऑफेन्सिव्ह’च्या जागी, त्याच ७३० या क्रमांकावर. क्रमांक एक, पण इंजिन निराळे आणि संगणकावरचा भार निराळा. केवळ क्रमांकावर विसंबणाऱ्याच्या तक्त्यात एका रात्रीत सगळ्या संगणकांची कामगिरी ढासळलेली दिसली असती. स्टीम प्रत्येक गेमसोबत जी छोटी माहिती-फाइल ठेवते तिच्यात बिल्ड क्रमांक असतो, तो घ्या. प्रत्येक बिल्डला वेगळा गट मानले तर नोंदी इतक्या विखुरतील की कोणत्याच गटात दोनपेक्षा जास्त उरणार नाहीत, म्हणून बिल्ड नोंदवा पण गट ‘कामगिरीत बदल करणारी मोठी आवृत्ती’ या पायावर करा आणि कोणता बदल मोठा हे हाताने ठरवा. हे काम कंटाळवाणे आहे. ते चुकवता येत नाही.

सेटिंग्जमध्ये ‘हाय’ किंवा ‘अल्ट्रा’ हे शब्द एका गेमपुरतेच अर्थपूर्ण असतात, दोन गेममध्ये त्यांची तुलना होत नाही, हे बहुतेकांना माहीत असते. ज्याकडे दुर्लक्ष होते ते रिझोल्यूशन. पडद्यावर २५६० गुणिले १४४० दिसत असले आणि डीएलएसएस (लहान चित्र वाढवून दाखवणारे एनव्हिडियाचे तंत्र) ‘क्वालिटी’वर असेल, तर गेम प्रत्यक्षात सुमारे १७०७ गुणिले ९६० एवढेच चित्र रंगवतो आणि उरलेले वाढवून दाखवतो. म्हणून पडद्याचे रिझोल्यूशन आणि रंगवण्याचे रिझोल्यूशन असे दोन रकाने हवेत. फ्रेम जनरेशनचा तर स्वतंत्र कप्पाच करावा. २०२२ मध्ये आरटीएक्स ४० मालिकेबरोबर डीएलएसएस ३ ने ही सोय आणली. त्यात दोन खऱ्या फ्रेम्सच्या मध्ये एक तयार केलेली फ्रेम घातली जाते, आकडा जवळपास दुप्पट दिसतो, पण माउस हलवल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा वेळ त्या प्रमाणात कमी होत नाही. माझ्या मते अशी नोंद इतर नोंदींसोबत एकाच यादीत क्रमाने कधीही लावू नये, मग वापरणाऱ्यांनी कितीही तक्रार केली तरी. आणि फ्रेमवर मर्यादा घातलेली असेल तर ती नोंद संगणकाची कामगिरी सांगतच नाही, घातलेली मर्यादा सांगते. हे फाइलवरूनच ओळखता येते: जवळजवळ सगळ्या फ्रेम्स १६.६७ किंवा ६.९४ मिलिसेकंदांभोवती दाटीने बसलेल्या दिसल्या की व्हीसिंक (फ्रेम्स पडद्याच्या गतीला बांधणारी सोय) किंवा मर्यादा चालू होती असे समजावे आणि नोंदीवर तसा शिक्का मारावा.

प्रसंगाविषयी थोडक्यात सांगतो. ज्या गेममध्ये अंतर्भूत बेंचमार्क (ठरावीक दृश्य चालवून वेग मोजणारी चाचणी) आहे, उदाहरणार्थ ‘सायबरपंक २०७७’ किंवा ‘फोर्झा होरायझन ५’, त्यांपासून सुरुवात करावी, कारण तिथे सगळ्यांचा प्रसंग सारखा असतो. ऑनलाइन गेमसाठी एखादा ठरावीक नकाशा, ठरावीक मार्ग आणि ६० सेकंद असा पाठ लिहून द्यावा. ‘सहज खेळताना मोजले’ अशाही नोंदी घ्याव्यात, फक्त त्यांचा ढीग वेगळा ठेवावा. प्रत्येक मोजणी तीनदा करावी. नव्याने बसवलेल्या गेमची पहिली फेरी टाकून द्यावी, कारण तिच्यात शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार होतानाचे झटके मिसळलेले असतात.

आता तुमच्या मूळ प्रश्नांकडे येतो. डेटाबेससाठी पोस्टग्रेस घ्या आणि विसरा. १०,००० नोंदी आल्या आणि प्रत्येकीत ६,००० फ्रेम्स असल्या, तर ६ कोटी ओळी होतात. त्या डेटाबेसच्या तक्त्यात ओतण्याचे काहीही कारण नाही. कच्च्या फाइली दाबून फाइल-साठ्यात ठेवाव्यात, त्यांचा हॅश (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला छोटा ठसा) डेटाबेसमध्ये ठेवावा म्हणजे तीच फाइल दोनदा आली तर कळेल, आणि तक्त्यात फक्त काढलेले सार ठेवावे. सार काढणाऱ्या प्रोग्रामची आवृत्ती प्रत्येक सारासोबत लिहावी. उद्या सूत्रात चूक सापडली, आणि ती सापडतेच, तर सगळ्या कच्च्या फाइलींवरून एका रात्रीत नवे सार काढता येते. केवळ आकडे साठवलेल्याला ते शक्य नसते. यंत्राची माहिती वापरकर्त्याच्या खात्याला जोडू नका. प्रत्येक नोंदीच्या वेळचे यंत्राचे चित्र स्वतंत्र आणि अपरिवर्तनीय असावे, कारण माणूस मध्येच रॅम वाढवतो आणि तुमच्या जुन्या नोंदी नकळत खोट्या ठरतात.

आलेखासाठी तुमच्या हाताला सवय असेल ती लायब्ररी (तयार कोडचा संच) घ्यावी. पण फ्रेम-वेळेचा आलेख लहान करताना सरासरी घेऊ नका. ७५० पिक्सेल रुंदीच्या आलेखात ६,००० फ्रेम्स बसवायच्या तर एका पिक्सेलवाट्याला आठ फ्रेम्स येतात. त्यांतल्या सात फ्रेम्स ९.८ मिलिसेकंदांच्या आणि एक १०० मिलिसेकंदांची असेल, तर सरासरी सुमारे २१ येते आणि ज्या झटक्यासाठी आलेख पाहायचा तोच गुळगुळीत होऊन जातो. प्रत्येक पिक्सेलसाठी किमान आणि कमाल वेळ यांच्यातली उभी रेघ ओढली की तो झटका शाबूत राहतो.

अनेक गेम मिळून एक गुण देण्याचा मोह होईल. तो आवरता आला तर उत्तम. आवरला नाही तर निदान गुणोत्तरांचा भूमितीय मध्य (दोन गुणोत्तरे असतील तर त्यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ) वापरा. ‘क’ संगणकावर एका गेमला २०० आणि दुसऱ्याला ३० एफपीएस मिळाले आणि ‘ख’ वर अनुक्रमे १०० आणि ६०, असे समजा. ‘क’ ची ‘ख’ शी गुणोत्तरे २ आणि ०.५, त्यांची साधी सरासरी १.२५, म्हणजे ‘क’ २५ टक्क्यांनी वेगवान. उलट बाजूने मोजले तर गुणोत्तरे ०.५ आणि २, सरासरी पुन्हा १.२५, म्हणजे ‘ख’ ही २५ टक्क्यांनी वेगवान! भूमितीय मध्य दोन्हीकडून १ देतो. तोही ‘कोणत्या गेमसाठी’ या प्रश्नाचे उत्तर देत नाहीच, आणि विकत घेणाऱ्याचा खरा प्रश्न तोच असतो.

तुलनेच्या पानावर एका आकड्याऐवजी मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) आणि पसारा दाखवा, आणि नोंदी मोजताना फायली मोजू नका, माणसे मोजा. एकाच मुलाने हौसेने चढवलेल्या चाळीस फाइली हे एका संगणकाचे मत असते. पाच वेगवेगळ्या मालकांच्या नोंदी होईपर्यंत त्या गटाचा मध्यक दाखवूच नये, ‘अजून पुरेशा नोंदी नाहीत’ असे लिहावे. तुमचे संकेतस्थळ किती वेळा ‘माहीत नाही’ म्हणते यावर मी त्याची पारख करीन. दोन संगणकांच्या नोंदीत रॅमच्या पट्ट्या, पॉवर किंवा बिल्ड यांत फरक असेल तर आकड्यांच्या वरच तो फरक ठळक लिहावा. ‘तुमच्यासारख्याच लॅपटॉपवर इतरांना जास्त मिळते, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांकडे दोन पट्ट्या आहेत’ हे वाक्य कुठल्याही क्रमवारीपेक्षा उपयोगी आहे. त्यातही ‘म्हणून’ हा शब्द घालू नका. दोन पट्ट्या बऱ्याचदा महागड्या लॅपटॉपमध्ये असतात आणि त्या लॅपटॉपचे पंखेही चांगले असतात.

एक कायद्याची बाब विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात हमखास राहून जाते. तुमचे पुष्कळ वापरकर्ते शाळकरी असणार, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते. तिचा वैयक्तिक डेटा हाताळायचा तर पालकांची पडताळणीयोग्य संमती घेण्याची तरतूद त्यात आहे. यातून सुटण्याचा सोपा मार्ग म्हणजे तो डेटा घ्यायचाच नाही. खाते, ईमेल, अनुक्रमांक यांपैकी काहीही मागू नका. एकाच माणसाच्या फाइली ओळखण्यासाठी त्याच्या संगणकावरच एक यादृच्छिक संकेत तयार करून ठेवा, आणि त्याच्याशी नाव जोडता येईल असे दुसरे काहीही आपल्याकडे उरू देऊ नका. मोजमापाच्या कच्च्या फाइलीत किंवा तिच्या नावात संगणकाचे नाव आणि विंडोजमधले वापरकर्त्याचे नाव येऊ शकते, आणि आपल्याकडे ते बहुधा माणसाचे पूर्ण नाव असते. फाइल सर्व्हरवर पोहोचण्याआधी, ब्राउझरमध्येच ते पुसून टाका.

राहता राहिले सुरुवातीचे आकडे. चित्रफितींच्या कोपऱ्यात दिसणारे एफपीएस टिपून घेण्याचा विचार सोडून द्या; त्यांच्यामागे वर सांगितलेल्या रकान्यांपैकी एकही नसतो. त्याऐवजी एकाच बनावटीचे दहा संगणक असलेले एखादे गेमिंग कॅफे शोधा, मालकाला विचारून सकाळच्या मोकळ्या वेळी दोन-तीन तास मागून घ्या आणि त्या दहाही संगणकांवर एकाच गेमचा एकच बेंचमार्क तीन-तीन वेळा चालवा. कागदावर हे दहा संगणक अगदी एकसारखे आहेत आणि तरीही त्यांचे आकडे एकसारखे येणार नाहीत. कुठे धूळ असेल, कुठे ड्रायव्हर जुना असेल, कुठे मागे काही डाउनलोड होत असेल, आणि सगळे ठीक असूनही चिपागणिक थोडा फरक राहीलच. त्या दहांमधले अंतर हा तुमचा पहिला खरा आकडा. त्याहून लहान फरक असलेले दोन संगणक तुमच्या पानावर ‘सारखेच’ म्हणून दिसले पाहिजेत, मग त्यातला एक दुसऱ्यापेक्षा पंधरा हजारांनी महाग का असेना. त्या तीस फाइली हातात आल्या की एकेका संगणकाच्या तीन फेऱ्यांमधले अंतर आणि दहा संगणकांमधले अंतर हे दोन स्तंभ शेजारी मांडा. डेटाबेसचा पहिला तक्ता लिहायला त्यानंतर बसा.